आय, के, टिंब, के, एच

“ईस्ट की वेस्ट?” नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं.

“गोंदिया,” मी म्हटलं.

तिने यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चिन्नोर तांदळाच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी डोंबिवलीच्या साळ्यासाठी होती, पण परिषदेला आलेला वक्ता तांदूळ घेऊन का आला, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर माझ्या नावाखाली ‘गोरेगाव, मुंबई’ छापलं होतं. मी खिशातला पेन काढला, ‘मुंबई’ खोडलं आणि ‘जि. गोंदिया’ लिहिलं. महाराष्ट्रात गोरेगावं बरीच आहेत. रायगडात आहे, हिंगोलीत आहे. पण नेटवर नाव टाका, पहिल्यांदा लोकलचं स्टेशनच येतं.

आता मी तिथे पोचलो कसा, ते सांगतो. आमच्या गोरेगावात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दंडारीची पोस्टरं, ग्रामसभेचे ठराव, पीकविम्याचे फॉर्म, जे येईल ते. मधल्या काळात आमच्या भागातल्या मामा तलावांची माहिती जमवायचा नाद लागला. पुण्याला कंपनीत असलेल्या भाच्याने एका वेब परिषदेचा फॉर्म मला न विचारताच भरून टाकला. विषयाच्या रकान्यात लिहिलं, ‘आमचे तलाव वेबवर का सापडत नाहीत’. महिनाभराने फोन आला की निवड झाली. बायको म्हणाली, “काहून जी, तुम्ही तिथं जाऊन का सांगान?” प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तिकीट काढलं.

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारी निघते आणि सकाळी मुंबईला टाकते. रात्रभर मी ‘ओपन वेब’ म्हणजे काय, ते मोबाइलवर वाचत होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोरासारखा.

सकाळच्या सत्रात एका बाईंनी सांगितलं की टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ ला त्या संस्थेने ते तंत्रज्ञान सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. परवाना नाही, पैसे नाहीत. हे मला माहीत नव्हतं. मी वीज, पाणी, रस्ता यांसारखं वेबही कुठल्या तरी खात्याचं असेल असं धरून चाललो होतो. त्यांनी मग एक पान उघडलं, त्यावर उजवं बटण दाबलं, आणि त्या पानाच्या पोटातलं सगळं लिखाण पडद्यावर आलं. वाचा, शिका, तसंच दुसरं बनवा, कोणी अडवत नाही, म्हणाल्या. मला आमच्या गावातल्या सुताराची आठवण झाली. तो काम करताना पोरांना बाजूला बसू देत असे.

दुसरे वक्ते ट्राय या दूरसंचार नियामकाच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशावर बोलले. मोजक्याच साइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असा वेगवेगळा दर लावायला त्या आदेशाने बंदी केली. मोठी लढाई होती, असं ते म्हणाले. असेल. त्या वर्षी माझ्या दुकानात कोणी त्याबद्दल विचारल्याचं आठवत नाही. गिऱ्हाईक विचारायचं ते एवढंच की सर्व्हर चालू आहे का.

जेवणानंतर माझा नंबर. पेनड्राइव्ह दिला, पोराने त्यांच्या लॅपटॉपला लावला, पडदा उजळला. माझ्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘पाणी’ हा शब्द होता. पडद्यावर आलं: आय, के, टिंब, के, एच.

खाली सगळं तसंच. इंग्रजी अक्षरांचा उकिरडा.

चूक माझीच. अठरा वर्षं कृतिदेवमध्ये टाइप करतो. बोटं दुसरीकडे वळतच नाहीत. हा जुन्या जातीचा फाँट. मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. आतमध्ये संगणक आय, के असंच साठवतो, वर फक्त आपल्याला प आणि काना दिसतो. ज्या मशीनवर फाँट नाही तिथे पांघरूण निघतं. युनिकोडमध्ये ‘प’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, तो कुठेही ‘प’च राहतो. हे मला ऐकून माहीत होतं. पण त्या फाँटने माझं घर चालवलं आहे, त्याला नावं ठेवायची इच्छा कधी झाली नाही.

मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “हे कुठलं एन्क्रिप्शन?” सभागृह हसलं. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला.

आणि मग काय झालं, तर मी वाचायला लागलो. वाचता येत होतं ना मला! इतकी वर्षं फाँट उडालेल्या फायली दुरुस्त करून करून ती अक्षरं माझ्या डोळ्यांना मराठीच दिसतात. आय के टिंब के एच, पाणी. पडद्याकडे बोट दाखवत मी ओळीमागून ओळ वाचत गेलो. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोणाच्या मामाचे नाहीत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारकडे गेले आणि गाळ तिथेच राहिला. कोणत्या बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ कुठे फुटते, कोणत्या तलावावर किती धान पिकतं, हे ग्रामसभांच्या कागदांत आहे. ते मीच टाइप केलं आहे. काही तर नेटवर चढवलेलंही आहे, कोणालाही उघडता येतं. पण ‘पाणी’ म्हणून शोधलं तर ते सापडायचं नाही, कारण तिथे पाणी लिहिलेलंच नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या तयारीत नव्हतं. बोलता बोलता मलाच तेव्हा कळलं. इतक्या मोठ्या सभागृहात वाचणारा मी एकटा, आणि कुलूप घालणाराही मीच.

समोर एक मुलगी ‘५’ लिहिलेला कागद धरून उभी होती. मला वाटलं पाचवं पान दाखवा म्हणते, म्हणून मी पाचव्या पानावर उडी मारली. पाच मिनिटं उरलीत असा त्याचा अर्थ असतो. मधली तीन पानं राहिलीच.

नंतर पोरं भोवती जमली. एकाने फाँट फायलीतच बसवून कसा द्यायचा ते दाखवलं, दुसऱ्याने जुनं लिखाण युनिकोडमध्ये बदलणारं साधन दिलं. एका आजोबांनी बाजूला घेऊन सांगितलं की मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तिथे लिहा. मी म्हटलं, आमचा जिल्हाही १ मेचाच, १९९९ चा. ते म्हणाले, मग तर लिहाच. संबंध काय ते मला कळलं नाही, पण मान डोलावली.

परत आल्यापासून दुकान बंद झालं की जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलत बसतो. बदलणारं साधन बरं आहे, पण रफार त्याला झेपत नाही. कृतिदेवमध्ये रफार अक्षरानंतर टाइप करायचा असतो, तो बदलताना भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. दर ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘वार्षिक’ असतंच, आणि दर वेळी ते ‘वाषिर्क’ होऊन येतं. काल २००९ चं इतिवृत्त उघडलं. तलावाच्या गाळाचा ठराव होता, सूचक-अनुमोदकांची नावं होती. अनुमोदकाच्या आडनावातला रफारही सरकला होता. ते गृहस्थ आता नाहीत. मुलाला फोन लावला, आडनाव नेमकं कसं लिहिता म्हणून विचारलं.

“एवढ्या रात्री?” तो म्हणाला.