राक्षसाचा सातबारा

वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो. माझ्या मते पुस्तकाचं खरं परीक्षण तिथंच. 'हॅरी पॉटर आणि परीस'च्या कागदावर शिक्क्यांना जागा उरली नव्हती, खाली दुसरा कागद डकवलेला. शेजारी भा. रा. भागवतांची 'जाईची नवलकहाणी', म्हणजे लुईस कॅरलच्या अॅलिसची मराठी जाई. तिच्या कागदावर दोन शिक्के. दुसरा माझाच.

०

जादूच्या गोष्टींवरून आमच्या घरात पडलेली फूट. भाची नववीत. तिचं म्हणणं, जादू खरी वाटली पाहिजे, विनोद मधूनमधून चालेल, पण जादूचीच थट्टा केली की तिला राग येतो. बाबा निवृत्त तलाठी. राक्षस आला की ते पुस्तक मिटतात. "त्याच्या गुहेचा सातबारा कोनाच्या नावावर हाय, ते सांगत नाई तुमचे लेखक."

गंमत अशी, की नेमका हाच प्रश्न विचारून काही लेखक मोठे झाले.

०

टेरी प्रॅचेट. 1983पासून 2015 साली जाईपर्यंत आणि त्यानंतर आलेलं शेवटचं धरून, एकाच जगाच्या एकेचाळीस कादंबऱ्या. ते जग तबकडीसारखं चपटं. चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका प्रचंड कासवावर उभे. इंग्रज वाचक इथंच हसू लागतो. मी आईला सांगितलं. ती तूर निवडत होती.

"यात हासण्यासारखं काय हाय? आपल्याकडं असंच सांगतात."

बरोबरच. आठ दिशांचे आठ हत्ती, खाली कूर्म, कुणाच्या कथेत शेषाचा फणा. तिकडची अतिशयोक्ती ही इकडची शाळेआधीची भूगोलाची इयत्ता. त्याच प्रॅचेटचं 'मृत्यू' हे पात्र मात्र तिला आवडलं. सांगाडा, हातात लांब दांड्याचा विळा, आणि मांजरांवर जीव. "मंग बरा हाय," म्हणाली. बाबांनी आतून विचारलं, "नोकरी पर्मनंट हाय का त्याची?"

दोघंही हसली, पण वेगवेगळ्या गोष्टीला. आईला त्याची माया आवडली, बाबांना त्याची आस्थापना.

०

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861च्या सुमारास अरबी गोष्टी मराठीत आणायला घेतल्या, तेव्हा नावात दोन विशेषणं घातली: सुरस व चमत्कारिक. आज 'चमत्कारिक' म्हटलं की आपल्याला विचित्र स्वभावाचा माणूस आठवतो. 'सुरस' तर बहुधा टोमण्यातच उरलं. दोन्ही शब्द अद्भुताकडून निघाले आणि थट्टेच्या गावी उतरले.

०

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे चढाओढीनं म्हणायची कवनं. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, एक जण झडती म्हणतो, दुसरा वरचढ म्हणतो. त्यात महादेव असतो, पार्वती असते, आणि पुढच्याच ओळीत सावकार नाहीतर कापसाचा भाव. देव आणि बाजार एका दमात. याला विनोदी अद्भुत म्हणायचं आमच्या समीक्षकांना अजून सुचलेलं नाही, कारण ते पुस्तकात नसतं, बैलाच्या शिंगांसमोर असतं. दिवाळीच्या सुमारास कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडार हे लोकनाट्य होतं. तिथली सोंगं बघताना पोरं घाबरतात आणि म्हातारे हसतात. सोंग तेच.

०

याच्या उलट रत्नाकर मतकरींचं बालनाट्य 'अलबत्या गलबत्या'. चिंची चेटकीण रंगमंचावर आली की पोरं हसतात. आपण शेजारी बसून उगाच जरा अस्वस्थ. चेटकिणीचा इतका हसरा लाड गावात कुणी केला नव्हता. गावात त्या शब्दापायी बायकांनी मार खाल्लेला आहे. एका पुसदच्या मैत्रिणीला म्हणूनच चेटकिणीचा कुठलाच विनोद चालत नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही.

०

कळंबच्या चिंतामणीला दर बारा वर्षांनी कुंडात पाणी चढतं आणि गणपतीच्या पायांना लागतं, असं सांगतात. यावर कुणी हसत नाही. हेच आमच्या काकांच्या विहिरीबद्दल काकांनी सांगितलं तर अख्खा पार हसेल. अद्भुत तेवढंच. सांगणारा कोण, त्यावर हसू ठरतं.

०

शकुंतला रेल्वे: यवतमाळ ते मूर्तिजापूर, अरुंद रूळ, सुमारे 113 किलोमीटर. स्वातंत्र्यानंतरही गाडी भारतीय रेल्वे चालवायची, आणि रूळ मात्र इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीचे. कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने समासात लिहिलं असतं, 'फारच ओढूनताणून'.

०

वऱ्हाडीत विनोद फार आहे, अद्भुतही आहे. एकत्र कादंबरीभर मात्र मला सापडलेलं नाही. शंकर बड्यांचा एकपात्री प्रयोग 'बॅरिस्टर गुलब्या' ऐकताना हा माणूस गुलब्याला एकदा तरी यमाच्या दरबारात वकिली करायला पाठवेल, असं वाटायचं. (मला स्वतःला प्रमाण मराठीतला राक्षस जरा पुणेरी वाटतो. 'आपण कोण?' असं विचारून खाणारा.)

०

भाचीने प्रॅचेट अर्ध्यावर सोडला. "जोक समजतात, पण भीती वाटत नाही." कबूल. मला भीती नकोच होती.

०

'जाईची नवलकहाणी' मुदत वाढवून घरी ठेवली आहे. काल बाबांनी माझ्यामागे ती उघडलेली दिसली, चष्म्याची काडी खुणेला. घड्याळ बघत, उशीर झाला म्हणून धावणारा ससा तिथंच होता.

"कसं वाटलं?"

"हा ससा," बाबा म्हणाले, "महसूल खात्यातला दिसते."