लिस्बनच्या खतावणीतील दोन नोंदी

युरोपच्या पश्चिम टोकाला, तेजो नदीच्या मुखाशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन वसली आहे. नदी येथे इतकी रुंद होते की नवख्या प्रवाशाला ती समुद्रच वाटावी. टेकड्यांवर चढत गेलेली लाल कौलांची घरे, पांढऱ्या दगडी तुकड्यांनी जडवलेले पदपथ आणि अरुंद गल्ल्यांतून वळणे घेत जाणाऱ्या पिवळ्या ट्राम, हे या नगराचे पहिले दर्शन. मोठ्या बसमधून हे नगर नीट पाहता येत नाही. पाठीवर एक सॅक, पायांत न घसरणारे बूट आणि हाती तीन दिवस असले, तर मात्र त्याची बरीच ओळख होते. विद्यार्थी आणि तरुण प्रवासी समाईक खोल्यांच्या स्वस्त वसतिगृहांत उतरतात. चोवीस तास चालणाऱ्या एकाच कार्डावर मेट्रो, बस, ट्राम यांतून हिंडता येते. बाकीचे काम पायांनीच करायचे.

व्यापारी कुटुंबातील वाचकाला या नगराविषयी विशेष कुतूहल वाटावे, असे येथे पुष्कळ आहे. येथील मुख्य चौकाला राजाचे किंवा सेनापतीचे नव्हे, तर व्यापाराचे नाव आहे. रस्त्यांना सोनार, चांभार, कापडविके यांची नावे आहेत. सर्वांत भव्य मठ मसाल्याच्या पैशातून उभा राहिला आहे. मात्र या नगराच्या खतावणीत दोन मोठ्या तोट्यांची नोंद आहे. एक तोटा निसर्गाने केला, दुसरा नगराने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. पहिला भरून निघाला. दुसरा निघाला नाही. दोन्हींच्या खुणा आज उघड्यावर आहेत आणि एकमेकींपासून काही मिनिटांच्याच अंतरावर आहेत.

तोट्याचा हिशेब समजण्यासाठी आधी जमेची बाजू पाहावी लागते. ती नगराच्या पश्चिमेस बेलेम या भागात आहे. 8 जुलै 1497 रोजी वास्को द गामाची जहाजे येथूनच निघाली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात कालिकतच्या किनाऱ्याला लागली. मिरी, दालचिनी, लवंग हा माल आता अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून न जाता थेट लिस्बनच्या धक्क्यावर उतरू लागला. राजा पहिला मानुएल याने आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरील सुमारे पाच टक्के उत्पन्न एका मठाच्या बांधकामासाठी लावून दिले. तोच जेरोनिमूश मठ. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले त्याचे काम जवळजवळ शंभर वर्षे चालले. त्याच्या खांबांवर दगडात कोरलेले जहाजाचे दोर आहेत, वेली आहेत, सागरी जीव आहेत. आत वास्को द गामा आणि महाकवी कामोंइश यांच्या समाध्या आहेत.

मठापासून थोड्याच अंतरावर नदीत पाय रोवून बेलेमचा बुरूज उभा आहे. त्याच्या एका कोपऱ्याखाली, झिजून ओळखू न येण्याजोगे झालेले, गेंड्याचे दगडी शिर आहे. त्याची कथा गुजरातमध्ये सुरू होते. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी पोर्तुगीजांना हवी होती. सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने ती दिली नाही, पण भेट म्हणून एक गेंडा दिला. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याने तो राजाकडे रवाना केला आणि मे 1515 मध्ये तो लिस्बनला उतरला. पोर्तुगीजांनी त्याला ‘गांदा’ म्हटले. आपल्याच ‘गेंडा’ शब्दाचे ते रूप. युरोपने कित्येक शतकांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने करमणुकीसाठी त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. पुढे पोपला नजराणा म्हणून त्याला पुन्हा जहाजात चढवण्यात आले. 1516 च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडाने जखडलेला तो मुका जीवही बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, केवळ वर्णनावरून काढलेले चित्र जगभर गाजले. त्या वैभवाच्या काळात सजीवाचीही गणना मालातच होत असे, हे या झिजलेल्या दगडावरून ध्यानात येते. आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसेही याच नदीकाठी उतरवली जात होती.

आता पहिल्या नोंदीकडे वळू. 1 नोव्हेंबर 1755 हा सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च माणसांनी भरलेली असताना प्रचंड भूकंप झाला. पडझडीतून वाचलेले लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा आत घुसल्या. सणानिमित्त लावलेल्या मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली यांमुळे आगी लागल्या आणि त्या कित्येक दिवस धुमसत राहिल्या. हजारो माणसे गेली. नदीकाठचा राजवाडा, त्यातील सुमारे सत्तर हजार ग्रंथांचे ग्रंथालय आणि पूर्वेकडील व्यापाराची मुख्य कचेरी नष्ट झाली. कार्मू मठाचे छत त्या दिवशी कोसळले. ते पुन्हा कधीच पुरे बांधले गेले नाही. आजही त्या उघड्या कमानींखाली उभे राहिले की वर थेट आकाश दिसते.

या संकटात सूत्रे हाती घेतली ती पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने. धान्याचे भाव वाढवू नयेत असा हुकूम निघाला, लुटारूंसाठी फाशीचे खांब उभे राहिले आणि रोगराई पसरू नये म्हणून मृतदेहांची तातडीने व्यवस्था झाली. देशभरच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली धाडण्यात आली. हादरे किती वेळ बसले, पुन्हा किती बसले, समुद्र आधी वर आला की मागे हटला, असे प्रश्न त्यात होते. भूकंपाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवात म्हणून त्या कागदांकडे पाहिले जाते.

बायशा या मध्यवर्ती भागात फिरताना त्या पुनर्रचनेचे फळ पावलोपावली दिसते. रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत. भिंतींच्या आत लाकडी पिंजऱ्यासारखी चौकट बसवलेली आहे, जेणेकरून हादऱ्यात घर डोलेल पण कोसळणार नाही. आग पसरू नये म्हणून घराघरांमध्ये जाड भिंती आहेत. 1760 मध्ये या रस्त्यांना धंद्यांनुसार नावे देण्यात आली. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडविक्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा; मुंबईच्या तांबाकाट्यात किंवा पुण्याच्या बोहरी आळीत वावरलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

हे सगळे रस्ते जेथे नदीला भेटतात, तेथे राजवाड्याची जागा होती. राजाने तेथे पुन्हा महाल बांधला नाही. नगराच्या व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के जादा रक्कम पुनर्बांधणीसाठी स्वतःहून देऊ केली होती. नव्या चौकाचे नाव ‘प्रासा दु कोमेर्सिउ’, म्हणजे व्यापार चौक, असे ठेवण्यात आले. तिन्ही बाजूंनी पिवळ्या कमानी, चौथ्या बाजूला नदी, मध्ये राजा पहिला जुझे याचा 1775 मध्ये बसवलेला अश्वारूढ पुतळा, अशी त्याची रचना आहे. जुनी माणसे आजही त्याला ‘राजवाड्याचे पटांगण’ म्हणतात. जुनी नावे तोंडातून सहज जात नाहीत.

याच काळातील एक गोष्ट हिशेबाच्या वहीशी नाते असलेल्या घरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. 1759 मध्ये लिस्बनमध्ये सरकारी खर्चाने व्यापारशाळा सुरू झाली. अंकगणित, वजनेमापे, हुंडणावळ, विमा आणि दुहेरी नोंद पद्धतीची जमाखर्च लेखनविद्या तेथे शिकवली जाई. शासनाने चालवलेल्या अशा शाळांपैकी ती जगातील अगदी आरंभीची समजली जाते. विटा आणि चुना यांबरोबर हिशेब जाणणारी माणसेही घडवावी लागतात, हे त्या मंत्र्याने ओळखले होते. तो स्वतः कठोर आणि विरोधकांशी निर्दय होता, हेही नमूद केले पाहिजे.

व्यापार चौकातून उत्तरेला दहा-बारा मिनिटे चालले की रोसिउ चौक लागतो. काळ्यापांढऱ्या लाटांच्या नक्षीची फरसबंदी, कारंजी, उत्तर बाजूला राष्ट्रीय नाट्यगृह. त्या नाट्यगृहाच्या जागी पूर्वी धर्मन्यायालयाचा वाडा होता. शेजारच्या बोळातून पुढे गेले की सांव दोमिंगूश चर्चसमोरचे लहानसे पटांगण येते. दुसरी नोंद येथे आहे.

लिस्बनमध्ये ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. व्यापार, सावकारी, वैद्यक, नकाशे आणि गणित यांत त्याची माणसे पुढे होती. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलल्यावर आणखी हजारो जण येथे आले. 1496 च्या अखेरीस राजा मानुएलने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला. मात्र कामाची माणसे गमवायला नकोत म्हणून पुढच्याच वर्षी बहुतेकांचे सक्तीने धर्मांतर केले. त्यांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणू लागले आणि संशय त्यांच्या मागे कायमचा लागला. एप्रिल 1506 मध्ये, दुष्काळ आणि प्लेगने लोक गांजलेले असताना, या चर्चमध्ये एक चमत्कार दिसल्याची हाकाटी झाली. एका नव्या ख्रिस्त्याने शंका बोलून दाखवली. जमावाने त्याला तेथेच ठार केले. पुढचे तीन दिवस कत्तल चालली आणि सुमारे दोन हजार माणसे मारली गेली. राजा नगराबाहेर होता. परतल्यावर त्याने चिथावणी देणाऱ्यांना शिक्षा केली, पण 1536 मध्ये धर्मन्यायालय रीतसर सुरू झालेच.

या नोंदीचा एक धागा थेट आपल्या भूमीशी जुळतो. लिस्बनच्या विद्यापीठात शिकवणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच धर्मांतरित घराण्यातला. 1534 मध्ये तो गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा स्नेह होता आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय वनस्पती आणि औषधींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने गोव्यात जाळले आणि 1580 मध्ये त्याच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या. आज लिस्बनच्या पूर्व भागात, नदीकाठी, त्याच्या नावाची बाग आहे.

ज्यांना जमले ते निघून गेले. अँटवर्प, हॅम्बर्ग, लंडन आणि विशेषतः आम्स्टरडॅम येथे त्यांनी नव्या पेढ्या उघडल्या. तत्त्वज्ञ स्पिनोझा हा अशाच पोर्तुगीज घराण्यातला मुलगा. सतराव्या शतकात मसाल्याच्या व्यापारात आम्स्टरडॅमने लिस्बनला मागे टाकले. त्याला युद्धे, स्पेनची सत्ता, डच जहाजबांधणी अशी अनेक कारणे होती. तरी भांडवल, दूरदूरच्या ओळखी आणि शब्दावर उधार देणारा विश्वास घेऊन माणसे निघून गेली, हे त्यांतले लहान कारण नव्हे. नव्या-जुन्या ख्रिस्त्यांमधील भेद कायद्याने मिटला तो 1773 मध्ये, त्याच पोंबालच्या काळात. तोवर तीन शतके होत आली होती. हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व मिळण्याची वाट 2015 मध्ये उघडली. पुढे तिच्यावर अटीही वाढल्या. पटांगणात 2008 पासून एक साधे स्मारक आहे आणि भिंतीवर लिस्बन हे सहिष्णुतेचे नगर असल्याचे शब्द अनेक भाषांत लिहिलेले आहेत. चर्चच्या आतील खांब 1959 च्या आगीत तडकले. ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत.

या पटांगणातून काही पावलांवर मार्तिम मोनिझ आणि मोउरारिया हा भाग आहे. आज तेथे बांगलादेशी, भारतीय, नेपाळी, चिनी दुकाने दाटीने उभी आहेत. डाळी, हळद, तांदूळ, अगरबत्ती सर्व मिळते. शाकाहारी प्रवाशाची मोठी सोय येथेच होते, कारण पोर्तुगीज जेवणात मासे आणि मांस यांचाच वरचष्मा आहे. हिरव्या भाजीच्या प्रसिद्ध सूपमध्येही बहुधा मांसाची चकती असते आणि गावभर मिळणाऱ्या गोड ‘नाता’मध्ये अंड्याचा बलक असतो. पाव, ऑलिव्ह, फळे आणि हिवाळ्यात रस्त्यावर भाजलेली चेस्टनट यांवर दिवस निभावतो. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर उभारले आहे. तेथील शाकाहारी भोजनालयात स्थानिक पोर्तुगीजही जेवायला येतात.

परतीपूर्वी शियादू भागातील बेर्त्राँ हे पुस्तकांचे दुकान पाहावे. 1732 मध्ये स्थापन झालेली ही पेढी भूकंपात उद्ध्वस्त झाली, दुसरीकडे गेली आणि 1773 मध्ये परत याच भागात आली. आजही चालू असलेले जगातील सर्वांत जुने पुस्तकांचे दुकान म्हणून तिची नोंद आहे. जवळच 1789 पासून मेणबत्त्या विकणारे दुकान आहे. वाढत्या भाड्यांमुळे अशी कित्येक जुनी दुकाने बंद पडू लागली, तेव्हा नगरपालिकेने ‘इतिहास असलेली दुकाने’ अशी योजना करून त्यांना आधार देऊ केला.

जळालेले दुकान पुन्हा उघडते, कोसळलेला चौक पूर्वीपेक्षा देखणा उभा राहतो, हे लिस्बनने सिद्ध केले. पण दुकानदारच भयाने गाव सोडून गेला, तर त्याची पेढी दुसऱ्याच गावाला भरभराट देते, हेही याच नगरात शिकायला मिळते. प्रवाशाने बेलेम, व्यापार चौक आणि सांव दोमिंगूशचे पटांगण या क्रमाने चालावे. संध्याकाळी किल्ल्याच्या टेकडीवर जाऊन बसावे. तेथून व्यापार चौकाचा परिसर आणि नदी एका नजरेत येतात.