तरवडाचा कान

हिंगोलीहून औंढ्याकडे निघालेला प्रवासी बहुधा नागनाथाच्या ओढीने निघालेला असतो, आणि विसोबा खेचरांनी नामदेवांना जेथे उपदेश केला त्या क्षेत्राची थोरवी पाहता ते स्वाभाविकच आहे. माझी ओढ मात्र या खेपेस देवळाच्या बरीच अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या मुरमाड माळावर होती. मला तरवड पाहावयाचा होता. वाळवून कागदावर चिकटवलेला तरवड मी पूर्वी पाहिला होता. परंतु ज्या भूमीने त्याला घडविले त्या भूमीवर उभा असलेला, वारा अंगावर घेणारा तरवड मी डोळे भरून कधी पाहिला नव्हता.

सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. सकाळच्या एस.टी.ने शहर सोडले तेव्हा दुतर्फा काळ्या जमिनीत सोयाबीन पिवळे पडून काढणीला आलेले होते आणि मधून मधून हळदीची रुंद पाने झळकत होती. पुढे जमीन हळूहळू चढू लागली, काळ्या मातीचा थर पातळ होत होत अखेर नाहीसा झाला, आणि तांबूस मुरूम व त्यातून डोके वर काढणारा काळा पाषाण दिसू लागला, तसा मी एका फाट्यावर उतरलो.

पिवळ्या फुलांची झुडपे दिसली एवढ्यावरून तरवड सापडला असे समजणे धाडसाचे असते, कारण त्याच्या गोतावळ्यात पिवळ्या फुलांची मंडळी पुष्कळ. उतरल्या उतरल्या रस्त्याच्या कडेला जी पिवळी फुले दिसली तो टाकळा निघाला: गुडघ्याएवढा, पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर संपणारा, पानाला पर्णिकांच्या जेमतेम तीन जोड्या आणि बारीक, वाकलेल्या शेंगा. पुढे एका पडक्या भिंतीशी कासविंदा होता. त्याच्या पर्णिका टोकदार, आणि ग्रंथी एकच, तीही देठाच्या तळाशी. दोघांनाही नमस्कार करून मी चढ चढू लागलो.

सुमारे अर्ध्या कोसावर, कुसळी गवत आणि हेकळाच्या काटेरी जाळ्या यांच्यामध्ये, माणसाच्या छातीएवढे एक झुडूप तांबूस-तपकिरी सालीच्या अनेक फांद्या पसरून उभे होते, आणि त्याच्या शेंड्यांवर फुलांचे असे घोस होते की आजूबाजूचा मुरूमसुद्धा त्यांच्या प्रकाशात उजळल्यासारखा वाटावा. मी खाली बसलो आणि एक फांदी हळूच वाकविली. पर्णिकांच्या अकरा जोड्या मोजल्या. प्रत्येक जोडीच्या मधोमध, मुख्य शिरेवर, टाचणीच्या टोकाएवढी उभी ग्रंथी होती. आणि मग पानाच्या देठाशी, ज्याच्यासाठी मी इतका लांब आलो होतो तो कान दिसला. वनस्पतिशास्त्रात ज्याला उपपर्ण म्हणतात, ते बहुतेक झाडांत बारीकसे असते आणि लवकर गळून जाते. तरवडात ते रुंद, गोलसर, वासराच्या कानासारखे देठाला बिलगून राहते. लिनियसने १७५३ साली या झुडपाला जे लॅटिन नाव दिले, त्यातला ‘ऑरिक्युलाटा’ हा शब्द याच कानावरून आलेला आहे. आपल्याकडील संस्कृत परंपरेने मात्र त्याच्या सालीकडे पाहिले आणि त्याला चर्मरंगा म्हटले. कातडे कमावण्यासाठी ही साल पिढ्यानुपिढ्या वापरली गेली. एकाची दृष्टी रूपाकडे, दुसऱ्याची उपयोगाकडे. मला दोन्ही नावे सारखीच प्रिय आहेत.

मी बसलो होतो तेवढ्यात एक मोठा काळा भुंगा आला. तरवडाच्या फुलात मध नसतो. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ, आणि उरलेल्यांतला पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर यावयाचा. भुंग्याने केसरांना मिठी घातली आणि एकदम त्याच्या गुणगुणण्याचा सूर चढला. त्या कंपनाने परागाची पिवळी धूळ त्याच्या पोटावर उडालेली मी हातभर अंतरावरून पाहिली.

“काय बघायलाव, भाऊ?”

मागे एक वृद्ध शेळीवाली उभी होती. मी तरवड म्हणताच ती हसली. “त्यात काय बघायचं? शेळी बी तोंड लावत न्हाई त्याला. पर उद्या घट बसतेत, माळेला हीच फुलं लागतेत.” आणि ती पदर खोचून फुले खुडू लागली. सीमेपलीकडे तेलंगणात याच दिवसांत हीच फुले बतुकम्माच्या थरांत रचली जातात; तेथे तरवडाला तंगेडू म्हणतात आणि तो त्या राज्याचे पुष्प आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख एकाच निजामी अमलाखाली होता. पुढे सरहद्दी बदलल्या, आणि १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी आश्विनातल्या या पिवळ्या रंगाची वाटणी कोणत्याही जमाबंदीला करता आलेली नाही.

“ही जमीन कुणाची, आजी?” मी विचारले.

“कुणाची म्हंजे? पोटखराब हाय सगळं.”

हा शब्द मला लागला. सातबाऱ्यावर ज्या जमिनीपुढे पोटखराब असे लिहिले जाते, जिला जुन्या दप्तरांत बंजर किंवा परमपोक म्हणत, तिच्यावर नांगर चालत नाही हे खरे. पण तरवडाला खोल काळी माती नकोच असते. त्याला उघडे ऊन हवे, पाणी न साचणारा मुरूम हवा, आणि शेजारी कुसळी, हेकळ, बोर हवे. महसुली भाषेने जिला खराब ठरविले तीच त्याची वतनी जमीन आहे. आणि पडीक म्हणून तिच्यावर खड्डे खोदून सावलीची परकी झाडे दाटीने लावली, की हिरवळ वाढल्याचा आनंद होतो खरा, पण तरवड त्या सावलीत टिकत नाही आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणारी टिटवीही तेथे राहत नाही. अशा खड्ड्यांची एक रांग त्या माळाच्या खालच्या अंगाला मला दिसली. तिच्या मातीच्या ढिगांखाली तरवडाची दोन झुडपे मुळासकट उपटलेली पडली होती.

म्हातारीचा पदर अर्धाच भरला होता, तरी ती थांबली. प्रत्येक झुडपावर तिने उमललेलीच फुले घेतली होती, कळ्यांना हात लावला नव्हता. मी कारण विचारले.

“नऊ माळा व्हायच्यात. रोजच यायचंय की.” शेळ्यांना हाक देऊन ती उतरू लागली, थोडी पुढे जाऊन वळून म्हणाली, “तुमी बी न्या दोन. पर वरची घ्या, खालच्याला शेंग धरू द्या.”

मी दोन फुले घेतली, वरची.