अण्णा परत आले कसे?

आमच्या भिवंडीतल्या कामतघरात टीव्ही मोठ्यानेच लावावा लागतो. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. दिवसपाळी सुटते, रातपाळी लागते, खटखट काही थांबत नाही. त्यामुळे ‘रात्रीस खेळ चाले’ ही गूढ मालिका आम्ही निम्मी पाहिली आणि निम्मी ओठांवरून ओळखली. शुक्रवारी कारखाना बंद. त्या रात्री संवाद स्वच्छ ऐकू यायचे, आणि भीतीही त्याच रात्री जास्त वाटायची.

2016 च्या फेब्रुवारीत झी मराठीवर कोकणातल्या वाड्याची ही मालिका सुरू झाली तीच वाड्याचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मरणाने. आईचं माहेर कुडाळकडचं, त्यामुळे मालवणी कानावर पडताच घरात तिचा अधिकार एकदम वाढला. शेजारची अक्का तेलुगू, तिचा नवरा लूमवर. कोकण तिने पाहिलेलं नाही. ती साडेदहाला पोळपाट-लाटणं आवरून आमच्याकडे यायची, पदर तोंडावर घेऊन बसायची आणि नेमक्या वेळी डोळे मिटून घ्यायची. मग आईला विचारायची, “वहिनी, काय झालं?”

जानेवारी 2019 मध्ये दुसरं पर्व लागलं आणि अण्णा वाड्यात धडधाकट हजर! माधव अभ्यंकरांचा तो दरारा बघून अक्का म्हणाली, हा जुळा भाऊ. तेलुगू सिनेमे बघत वाढलेली बाई, तिला एका चेहऱ्याची दोन माणसं म्हणजे रोजचीच गोष्ट. माझी उपपत्ती याहून हुशार होती: पहिल्या पर्वात गेला तो माणूस दुसराच, अण्णांनी जमिनीसाठी स्वतःच्या मरणाचं सोंग केलं. ही मी वऱ्हाळा तलावाच्या कठड्यावर बसून दोन मित्रांना अगदी पुराव्यांसकट पटवून दिली. आईने मात्र हात झटकले. “तेचा घर आसा. तो खंय जातलो?”

मग शुक्रवार आला तेव्हा उलगडलं. ही मागची गोष्ट होती, अण्णा जिवंत असतानाची. टीव्हीवर ते आधीच सांगूनही झालं असणार, पण आमच्या वाट्याला खटखट आली होती. मित्रांनी मला पुढे कितीतरी दिवस ‘पुरावा’ म्हणून हाक मारली.

तरी आमच्या उपपत्त्या आटल्या नाहीत. वरच्या मजल्यावरची एक मुलगी म्हणायची, यात गोंधळ व्हायचाच, कारण मालिकेतल्या विसराळू पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर संवादही लिहितात, आणि पांडूचं तर सदा ‘इसारलंय’! सगळ्या उपपत्त्यांत मला हीच अजून पटते.

2021 च्या मार्चमध्ये तिसरं पर्व आलं. वाडा ओसाड, आणि आता अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता भुतं होऊन आलेली. आई टाळीच द्यायला उठली, “मिया सांगलंय नाय?” खरं तर तिने तसं काही सांगितलं नव्हतं, पण तिच्याशी वाद कोण घालणार? मध्ये लॉकडाऊनमुळे मालिका थांबली तेव्हा कारखानेही बंद होते. कामतघर इतकं गप्प झालेलं मी कधी अनुभवलं नव्हतं. अक्का त्या शांततेत म्हणाली, आता नीट ऐकू आलं असतं, तर बघायला काही नाही.

मालिका परत आली, पण काही महिन्यांनी शेवंताचा चेहराच बदलला. अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर. अक्काने क्षणात सोडवलं, भूतच ते, दुसऱ्या बाईच्या अंगात शिरलं. मी पेपरात वाचलेलं सांगितलं, नटीने मालिका सोडली म्हणून. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू जेवताना मी ताटात माती टाकली. त्यानंतर मी कारणं सांगणं सोडून दिलं.

पुढच्या मे महिन्यात आजोळी गेलो, तेव्हा आकेरीला मालिकेतला तो वाडा बघायला आईला घेऊन गेलो. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बराच लहान वाटला. अंगणात पुण्या-मुंबईकडची माणसं फोटो काढत होती, एकजण मिशीला पीळ देत होता. मी सरळ चपलांनिशी आत निघालो.

आई फाटकाशीच थांबलेली. “पायताणा भायर काढ,” ती हळूच म्हणाली, आणि आपल्या चपला कुणाच्या पायात येऊ नयेत अशा भिंतीकडेला नीट लावून ठेवल्या.