बैलाच्या आधीचे जेवण

अच्छाडला महाराष्ट्र संपतो. महामार्गावरचा तपासणी नाका मागे पडला की थोड्याच अंतरावर भिलाड लागते, आणि दुकानांच्या पाट्या गुजराती होतात. नाक्यापाशी ट्रकांच्या रांगा, ढाबे, टायरांची दुकाने. रस्त्यापासून जरा आत वळले की वारली पाडे, ताडाची झाडे आणि भाताची खाचरे. नोकरीच्या निमित्ताने तलासरी तालुक्यात आलेले आम्ही दोघे मराठीचे अध्यापक पुढे इथलेच झालो. शिकवायचे, वाचायचे, रात्री वाटीभर जास्तच भात जेवून झोपायचे, असा आमचा क्रम होता. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या रक्तातील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३ निघाला. साडेसहापासून मधुमेह म्हणतात. म्हणजे आम्ही उंबरठ्यावर उभे होतो.

डॉक्टरांनी भात आणि साखर कमी करा, रोज चाला, एवढेच सांगितले. पण अध्यापकी पेशाच्या माणसाला इतक्या सोप्या उत्तराने समाधान लाभत नाही; त्याला उपपत्ती हवी असते. ती आम्हांला ‘पॅलिओ’ अर्थात अश्मयुगीन आहाराच्या विचारात सापडली. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी १९८५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला होता. लोरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या पुस्तकाने तो घराघरांत नेला आणि २००९ मध्ये मार्क सिसन यांनी त्यालाच ‘प्रायमल’ असे नाव देऊन थोडी सैल नियमावली मांडली. युक्तिवाद मोहक आहे. माणसाचे शरीर लक्षावधी वर्षांच्या शिकारीत आणि कंदमुळांच्या शोधात घडले. शेती जेमतेम दहाबारा हजार वर्षांची. म्हणून धान्य, कडधान्य, साखर वर्ज्य करावी आणि मासे, मांस, अंडी, भाज्या, फळे, कंद, सुकामेवा यांवर राहावे. कॉर्डेन दूधही नाकारतात, सिसन थोडे चालवून घेतात.

आम्ही एका सोमवारी आरंभ केला. डहाणूचा किनारा जवळ असल्याने मासळीची वाण नव्हती. बोंबील, मांदेली, अंडी, पालेभाज्या, दुपारी काकडी आणि मूठभर शेंगदाणे असा बेत ठरला. शेंगदाणा हे कडधान्य असून या पंथात निषिद्ध आहे, हे आम्हांला बुधवारी कळले. तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागले, चौथ्या दिवशी तासाला फळ्यावर लिहिताना हात कापला. धान्य एकाएकी सोडले की शरीर पाणी आणि मीठ बाहेर टाकते, त्याचा हा परिणाम. कालवणातले मीठ थोडे वाढवल्यावर तो ओसरला. ज्यांना मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र असे प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

खरी अडचण स्वयंपाकघरात उभी राहिली. आमच्याकडे जेवण करायला जवळच्या पाड्यावरून मावशी येतात. भाकरी करू नका, भातही नको, असे चार दिवस ऐकल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी दाराशी थांबून, आवाज खाली आणून विचारले, “ताई, धान्य संपलं का? आमच्याकडं रेशनचा तांदूळ आहे. आणू?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र मनातून जाईना.

वास्तविक या आहाराचे मराठी घराला इतके नावीन्य वाटायला नको. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा नेम. परसातले अळू, सुरण, भेंडी, मक्याचे कणीस एकत्र शिजवून ऋषीची भाजी होते. आमच्या घरच्या आज्या तो पाळत. नांगराच्या आधी माणूस काय खात असेल, याची आठवण आपल्या परंपरेने एका दिवसात बांधून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी थापली जाते. वर्षातला एक दिवस स्मरणाचा, उरलेले धान्याचे, असा तो तोल.

मग, मूळचा आहार हवा तर तो इथेच आहे, असे वाटून आम्ही रानभाज्यांकडे वळलो. जूनच्या तोंडावर बाजारात शेवळे आली. उत्साहाने आणली, चिरली, परतली आणि खाल्ली. घसा रात्रभर खाजत राहिला. शेवळ्यांत काकडाची आंबट फळे घालावी लागतात, तेव्हाच खाज मरते, हे मावशींनी दुसऱ्या दिवशी हसू दाबत सांगितले. कडूकंदाचे शास्त्र तर याहून कठीण. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा आणि विखार निघून जातो. ज्याला आपण निसर्गाने दिलेले अन्न म्हणतो, त्यात पिढ्यांची विद्या आणि एका बाईचे दोन दिवस असतात.

कडूकंद केव्हा खात, असे आम्ही विचारले. उत्तर एका वाक्याचे होते: घरातले दाणे संपले की.

‘खावटी’ हा शब्द आम्ही विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकला होता. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी सावकाराकडून उचललेले धान्य, जे सुगीनंतर वाढीव फेडायचे. ते न मिळाले वा संपले, की रान. गोदावरी परुळेकरांचे १९७० मधले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आम्ही वर्गात अनेकदा शिकवले आहे. १९४५ च्या मे महिन्यात ज्या झरी गावात वारल्यांची सभा भरून वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, ते गाव याच तालुक्यात. तरीही ते पुस्तक भुकेचे पुस्तक आहे, हे आम्हांला पोट भरलेले असताना धान्य नाकारल्यावर प्रथम नीट कळले. आमचा आहार ही आमची निवड होती. तोच आहार मावशींच्या आईच्या वाट्याला श्रावणात नाइलाज म्हणून येत असे. ताटातला कंद तोच, पण दोन ताटे एक नव्हेत.

आणि ज्यांना शहर ‘आदिम’ समजते, त्यांची देवता तर कणसरी, म्हणजे धान्यच. वारली हे नावदेखील ‘वारल’, म्हणजे कसलेल्या जमिनीचा लहान तुकडा, यावरून आल्याचे सांगतात. अश्मयुगाचीही तीच कथा. इटली, रशिया आणि चेक देशांत सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे अंश मिळाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जॉर्डनमधील शुबैका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. म्हणजे शेतीच्या चारेक हजार वर्षे आधी माणूस भाकरी भाजत होता. मूळचा माणूस शोधत आम्ही जेवढे मागे गेलो, तेवढा तो जात्यापाशीच बसलेला दिसला.

तेव्हा प्रयोग वाया गेला काय? तसे म्हणता येणार नाही. सहा महिन्यांनी तो आकडा ५.८ वर आला. श्रेय पुराणपुरुषाचे किती आणि साखर, मैदा व रात्रीचा भात सुटल्याचे किती, हे सांगणे अवघड. डॉक्टर रोजच्या चालण्याला अधिक श्रेय देतात. मावशींच्या घरी मात्र काटा उलट फिरला आहे. २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत मिळते. खावटीची धास्ती कमी झाली, हे चांगलेच. पण ताटात पांढरा तांदूळ वाढला, नागली आणि वरई मागे सरली. आता त्यांच्या वस्तीतही साखरेच्या गोळ्या घेणारी माणसे आहेत. त्यांना धान्य सोडा असे सांगण्याचा धीर आम्हांला होत नाही. नागली पुन्हा लावा, एवढे सांगतो. त्या आमच्यासाठीही थोडी राखून ठेवतात.

आता आमच्या ताटात दुपारी नागलीची एक भाकरी असते, भरपूर भाजी, मासळी; रात्री भात नाही. या जेवणाला आम्ही कोणतेही नाव दिलेले नाही. गेल्या सुगीनंतर मावशींनी नव्या भाताचा तांदूळ आणला. देवाला दाखवून झाला आहे, आता खायला हरकत नाही, म्हणाल्या. तो भात आम्ही त्याच रात्री रांधून जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला नेहमीपेक्षा थोडे लांब, नाक्यापर्यंत गेलो.