सासूबाईंचा तवा

गेल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते इथं लिहावं की नाही, यावर चार दिवस विचार केला. नात्यातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात आणि त्यातल्या काहींच्या कपाळावरच्या आठ्या मला आत्ताच दिसतायत. पण म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आता भ्यायचं कुणाला?

तर मंडळी, मी सासूबाईंच्या बिडाच्या तव्यावर गोव्याचं सॉसेज आणि बटाटे परतले.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा जड, काळा, आणि नवा असताना अगदी हट्टी. रोज तेल पुसायचं, अर्ध्या कांद्यानं घासायचं, असं वर्षानुवर्षं केलं की त्यावर एक गुळगुळीत काळा थर बसतो. मग घावणं असं सुटतं की उलथनं नुसतं दाखवावं! कोकणात असा तवा सासूकडून सुनेकडे येतो. १९७५ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला दागिन्यांच्या आधी तव्याचे नियम सांगितले. साबण लावायचा नाही. ओला ठेवायचा नाही. आंबट काही शिजवायचं नाही. आणि शेवटचा नियम, "हो तवो कोणाक देव नको."

आता आम्ही काही शाकाहारी नव्हेत. बाजारात बांगडा मिळाला नाही तर आमच्याकडे सुतक पडल्यासारखी तोंडं होतात. सणावाराला कोंबडी, कधी मटण. पण डुकराचं मटण? छे! त्याचं नावही कुणी काढत नसे. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

२००१ साली मुलानं लग्न केलं. मुलगी मडगावजवळच्या गावातली, ख्रिश्चन. आमच्या घरात आरडाओरडा वगैरे काही झाला नाही, हे मी तेव्हा मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगायची. सून गुणी निघाली. गणपतीत मोदकाच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक पाडते आणि रविवारी चर्चमध्ये जाते. दोन्हीत तिला कधी अडचण वाटली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात विहीणबाईंकडून एक मोठं खोकं आलं. गोव्यात पावसाळ्याआधी जी बेगमी करतात तिला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मडगावात त्याची जत्राच भरते, पुरुमेंताचं फेस्त. पावसात समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, मग घरात सुकी मासळी, मिरच्या, कोकम, व्हिनेगर असं सगळं भरून ठेवायचं. आपण पापड-सांडगे घालतो त्यातलाच प्रकार. त्या खोक्यात हे सगळं होतं, आणि केळीच्या पानात गुंडाळलेली सॉसेजची एक माळ होती. छोट्या लिंबाएवढे लालभडक मणी, दोऱ्यानं एकेक बांधलेले. गोव्यात त्याला चोरीस म्हणतात.

त्या संध्याकाळी सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त उठल्या, खुंटीवरचा बिडाचा तवा काढला आणि आपल्या खोलीत नेऊन खाटेखाली ठेवला.

सुनेनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या पडवीत तीन दगड मांडले, बाजारातून ॲल्युमिनियमची एक कढई आणली आणि तिथं आपलं सॉसेज शिजवलं. मुलगा आणि ती, दोघं पडवीतच पायरीवर बसून जेवली. वरून पाऊस. मी आतून वाटीभर भात नेऊन दिला आणि मनात म्हटलं, किती समंजस मुलगी आहे!

सासूबाई २००६ साली गेल्या. तवा परत खुंटीवर आला. पण ते तीन दगड पडवीतच राहिले. दर वर्षी खोकं यायचं, दर वर्षी पडवीत कढई चढायची. पुढं नातू मोठा झाला, तोही पायरीवर बसू लागला. घरात गॅस होता, ओटा होता, जागा होती. तिला कुणी आत करू नकोस असं म्हटलं नव्हतं. आत कर, असंही कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, आता तिला तशीच सवय झालीय.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात एखादं मूल उशिरा आलं की दारात उभं राहायचं. त्याला कुणी अडवलेलं नसायचं, पण बाई "ये" म्हणेपर्यंत ते उंबरा ओलांडायचं नाही. मला हे पक्कं माहीत होतं. स्वतःच्या घरात मात्र चोवीस वर्षं दिसलं नाही. खरं सांगायचं तर दिसत होतं, पण बोलायचं टाळलं.

या जानेवारीत विहीणबाई गेल्या. मे महिन्यात खोकं आलं नाही. फ्रीजरमध्ये गेल्या वर्षीची एक माळ तेवढी शिल्लक होती, त्यांच्या हातची शेवटची. सून फ्रीजर उघडायची, मटार काढायची, बंद करायची. त्या पुडीला हात लावायची नाही. आम्हीही कुणी विषय काढत नव्हतो.

त्यात आषाढातल्या पावसात ती विहिरीजवळ शेवाळावर घसरली. पायाला प्लास्टर. स्वयंपाक माझ्याकडे आला. एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ही खिडकीतून पडवीकडे बघत बसलेली. पावसाची झड त्या तीन दगडांवर येत होती. का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "आज सॉसेज करूया का गं? तू सांग, मी करते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाली, "अर्धी माळ करा आई. अर्धी ठेवूया, दिवाळीला पुण्याहून नातू येईल तुमचा."

ओट्याजवळ खुर्ची मांडून तिला बसवलं. मी खुंटीवरचा तवा काढला तशी ती घाईघाईनं म्हणाली, "त्याच्यावर नको. आजींचा आहे तो."

"आजींचा होता," मी म्हटलं. "आणि बटाटे खरपूस व्हायला हवे असतील तर घरात दुसरं काय आहे? तुझी ती कढई तर तळाला गळतेय."

"पण आई, यात व्हिनेगर असतं. आंबटानं तवा बिघडेल."

बघा! माझ्या सासूबाईंचा नियम तिला पाठ होता. तिला तो कुणी शिकवला असेल? मीच कधीतरी शिकवला असणार. चोवीस वर्षं ती त्या तव्यावर घावणे घालतेय.

शेवटी तिनंच तोड काढली. दहा मणी दोरा कापून सुटे केले, स्टीलच्या पातेल्यात कपभर पाण्यात घातले आणि झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवले. वरची साल सुटली ती काढून टाकली. ही साल कशाची असते ते मी विचारलं. "आतड्याची," असं तिनं शांतपणे सांगितलं. मी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं! पाणी आटलं तसा व्हिनेगरचा उग्रपणाही कमी झाला आणि पातेल्यात लाल चरबी सुटली. तेल अजिबात घालायचं नाही, मीठही नाही. मांस टिकावं म्हणून मीठ, माडाच्या सुरेचं व्हिनेगर, मिरची, लसूण हे सगळं आधीच भरपूर घातलेलं असतं.

मग बिडाचा तवा तापवला. ती लाल चरबी त्यावर ओतली, तीन मोठे कांदे उभे चिरून परतले. चार बटाटे आधी अर्धवट उकडून फोडी करून ठेवले होते, त्या एका थरात पसरल्या. "आता हलवू नका," सूनबाईंचा हुकूम. मला सारखं ढवळायची सवय, हात शिवशिवत होते. पण पाच मिनिटांनी उलटल्या तर खालून अशी तांबूस, कुरकुरीत खरपुडी धरलेली! शेवटी सॉसेजचं मांस मोकळं करून त्यात मिसळलं, दोनच मिनिटं परतलं आणि लगेच ताटात काढलं. आंबट पदार्थ तव्यावर ठेवून द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळलं.

घरभर वास सुटला. लसूण, मिरची आणि लोणच्याची बरणी उघडल्यासारखा आंबूस वास. मुलगा बेकरीतून पाव घेऊन आला तो दारातच थांबला. "आत करताय?" एवढंच म्हणाला. मला त्या प्रश्नाचं फार वाईट वाटलं.

आम्ही चौघंही टेबलाशी बसलो. आमच्या ह्यांनी पेपरमधून डोकं न काढता पावात भरून खाल्लं आणि "तिखट आहे" असा शेरा दिला. पण दुसरा पाव मागितला. सुनेनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मिरचीमुळे असेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

आणि मी? मी सॉसेज खाल्लं नाही. इतक्या वर्षांची जीभ, नाही धीर झाला. बटाटा खाल्ला. पण खरं सांगू? त्या बटाट्यानं सगळंच शोषून घेतलं होतं. तिखट, आंबट, ती चरबी. मग मी नेमकं काय खाल्लं नाही, हे माझं मलाच सांगता येईना. आणि गंमत बघा, मिरची पोर्तुगीजांनी आणली, बटाट्याचं नाव त्यांचं, पावाचंही त्यांचंच. आमच्या घरात हे तिघं कधीच आत आले होते. पडवीत थांबलं होतं ते फक्त सॉसेज.

तवा गरम पाण्यानं धुतला, आचेवर कोरडा केला, तेलाचा हात फिरवला. रात्री मात्र झोप लागेना. तव्याचं काही झालं असतं तर? सकाळी उठून आधी पीठ भिजवलं. पहिलं घावणं घातलं, झाकण काढलं... जाळीदार, पांढरं, उलथनं लावायच्या आधीच सुटलेलं. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मात्र सांगता येत नाही.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी ताटं उचलताना मला सुनेला काहीतरी सांगायचं होतं. सगळा जन्म बोलण्याच्या धंद्यात गेला, पण तोंडातून निघालं एवढंच, "बटाटे जरा कमी पडले, नाही का?" ती म्हणाली, "पुरले की आई."

ती हा ब्लॉग वाचते. माझे टायपिंगचे दोष तीच दुरुस्त करते, म्हणजे हेही पहिल्यांदा तीच वाचणार. तर बाई, हे दुरुस्त करू नकोस, असंच राहू दे. त्या दिवशी सासूबाईंनी तवा खाटेखाली ठेवला, तेव्हा तो उचलून परत खुंटीवर लावायचं काम माझं होतं. मी केलं नाही. नंतर तर अडवणारंही कुणी नव्हतं, तरीही केलं नाही. चुकलं माझं.

दिवाळीला उरलेली अर्धी माळ करू. बटाटे या वेळी सहा घेऊ.