बगलेतली फट

काकांना खर्र्याची पुडी आणून देणारा पोरगा म्हणून मी त्यांच्या अंगणात शिरलो. नागपूरच्या महालातली गोष्ट, पोळा आठवड्यावर आलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतींचे पुतळे निघतात, सोबत बडग्यांचे. मिरवून झालं की जाळायचे. काका बडग्यांचे सांगाडे बांधत. बांबूच्या कामट्या, सुतळी, वरून खळीनं चिकटवलेला कागद.

त्या वर्षीचा बडग्या म्हणजे कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुढारी. कागद चिकटवायचं काम मला मिळालं. कोपर आणि पोट यांच्यामधल्या जागेवरूनही मी कागद तसाच ताणून नेला. दिसायला छान गुळगुळीत. काकांनी तो टर्रकन फाडला.

"अबे पोट्ट्या, बगलेतून उजेड दिसला पाह्यजे. फट बुजली तं हात पोटाले चिकटला. मंग थो हात नाही, गाठोडं हाय."

मग त्यांनी कामट्या कशा लावायच्या ते दाखवलं. पाठीवर दोन कामट्यांत वीतभर अंतर चालायचं; बगलेत मात्र बोटाबोटावर. जिथं फट बारीक, तिथं कामट्या दाट.

पुढे इंजिनिअर झालो, पुण्याला आलो. काम तेच, फक्त सांगाडा कॉम्प्युटरमधला. 1960च्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या अंगाचे बाक गणितात बसवले. पण थ्रीडी प्रिंटरला दिली जाणारी नेहमीची एसटीएल फाइल बाक ओळखत नाही. तिला फक्त सपाट त्रिकोण कळतात. म्हणून बाकदार पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडायचे, आणि मूळ आकारापासून ते किती सरकले तर चालेल, ती मर्यादा ठरवायची: टॉलरन्स.

एका भागात 0.3 मिलिमीटरची फट होती, टॉलरन्स 0.2. प्रत्येक त्रिकोण मर्यादेत, रिपोर्ट हिरवागार. पण फटीच्या दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकल्या आणि चिकटल्या. छापून आलेल्या भागात फटच नव्हती. चूक माझी होती. मेदूवडा थोडा वाकडा झाला तरी मेदूवडाच. भोक बुजलं की ते भजं. अंतर मोजणाऱ्या पट्टीला हा फरक दिसत नाही. दोन भिंती एकमेकींना लागू नयेत, तर मर्यादा निदान फटीच्या निम्म्याहून कमी हवी.

त्या रात्री वाचायला बसलो. 1998 साली नीना अमेंटा आणि मार्शल बर्न यांनी पृष्ठभागावरचे ठिपके किती दाट हवेत याचं माप दिलं होतं. एकच माप सगळीकडे नाही. आकाराचा मध्यअक्ष जिथे जवळ, म्हणजे जिथे बाक तीव्र किंवा फट अरुंद, तिथे ठिपके दाट. ते पाळलं तर उभा राहणारा आकार भोकं आणि जोड यांसकट मुळासारखाच असतो, हे 2000 साली अमेंटा, तमाल डे आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. मी तो नियम दोनदा वाचला. तो मला मराठीतून आधीच पाठ होता.

काकांना हे सांगायला गेलो तेव्हा ते राहिले नव्हते. अंगणात सायकली लागल्या होत्या. त्यांच्या हातचं काहीच उरलेलं नाही. बडगे जाळायचेच असतात. माझ्याकडून त्यांना मिळाल्या त्या खर्र्याच्या पुड्या, आणि त्यांचेही पैसे तेच द्यायचे.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये टॉलरन्सच्या आधी एक तपासणी चालते: मूळ आकारात जेवढ्या फटी आणि भोकं, तेवढीच त्रिकोणांत आहेत का? तिचं नाव मी 'बगल' ठेवलं आहे.